माळकरी म्हणा, चालेल

मी लोकांचे आवाज काढतो. कुडाळला शाळेत असताना त्यापायी मार खाल्ला, कांदिवलीत आल्यावर त्याचेच पैसे मिळायला लागले. परवा पवईतल्या एका स्टुडिओत इतिहासाच्या धड्याला आवाज देत होतो. रोल होता स्कॉटलंडच्या शिपायाचा. डायलॉग काय, तर गरीब शेतकऱ्यांना ‘व्हिग’ म्हणून हिणवायचं.

धडा लिहिणारे सर तिथंच होते. म्हटलं, सर, ही शिवी आहे काय?

सर म्हणाले, शिवीच होती. साडेतीनशे वर्षांपूर्वी तिथल्या राजानं लोकांना सांगितलं, माझ्या पद्धतीनं देवाला भजा. काही जण हटून बसले. डोंगरात जाऊन उघड्यावर प्रार्थना करायचे. त्या कट्टर लोकांना बाकीचे व्हिग म्हणून चिडवायचे. शब्द बहुतेक घोडे हाकणाऱ्यांच्या बोलीतला, नक्की कुणालाच माहीत नाही. पुढे लंडनमधल्या एका पक्षाला विरोधकांनी तेच नाव चिकटवलं, आणि त्या पक्षानं ते मिरवलं.

मला आमचा काका आठवला. आम्ही मालवणी, घरात माशांशिवाय जेवण नाही, आणि काकानं गळ्यात तुळशीची माळ घातली. मासे बंद, मटण बंद, दारूही बंद. दारू त्याला पार खाऊन बसली होती, काकी दोनदा माहेरी जाऊन आली होती. पण अख्खी बिल्डिंग त्याला ‘माळकरी’ म्हणून चिडवायची. त्याचा आवाज मीही काढायचो.

घरी येऊन मी काकाला विचारलं, “तुला राग नाही येत रे?”

“म्हणूंदेत,” तो म्हणाला. “दारू सोडलंय म्हटलंय तर गळ्यात पडतत, एकच घे म्हणतत. माळकरी म्हटलंय की हसतत आणि जातत.”

त्याच आठवड्यात बहिणीची हळद होती. हॉलच्या मागे काकाचे जुने दोस्त बसलेले.

“काय माळकरीबुवा! आज लटकव ना ती माळ खुंटीला. पोरीची हळद आहे यार!”

आमच्याकडे चालतं असं. एका दिवसापुरती माळ काढून ठेवायची आणि मटणावर ताव मारायचा. काकानं मान हलवली. दोस्तानं ग्लास त्याच्या हातात कोंबलाच. काका हसला नाही, ग्लास खाली ठेवलाही नाही. नुसता बघत राहिला त्या ग्लासाकडे. दारात काकी भाताचं पातेलं घेऊन उभी होती, तिथंच थिजली.

“ए, तू कर ना काकाचा आवाज!” कुणीतरी मला म्हणालं.

मी केला. हात जोडून, नाकातून, जोरात. “माळकरी आहे हो मी! वासानंसुद्धा विटाळ होतो हो!” आणि त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला.

सगळे खिदळले. दोस्त म्हणाला, “जाऊदे रे, हा वाया गेला,” आणि दुसऱ्याकडे वळला.

काकाची बोटं अजून ग्लास धरल्यासारखीच होती. काकीनं त्या हातात ताट दिलं, नुसता वरण-भात. तो तिथंच उभ्यानं जेवला.