पोळ्याचा बैल आणि काकांचे हात

बाळांनो, लढाईवरून परतलेल्या माणसाच्या मनाला काय होतं, ते सांगायला तुमच्याकडे डॉक्टर आहेत. माझे काका ब्रह्मदेशच्या लढाईतून आसेगावला परतले तेव्हा लोक एवढंच म्हणत, "त्याले बाहेरचं झालं." त्यांचे हात सारखे थरथरत. कपबशी वाजे, म्हणून काकू त्यांना पेल्यात चहा देई.

हात थांबत ते फक्त जुगाराच्या सतरंजीवर. काकूने एकदा विचारलं, "तिथं कायले जाता तुमी?"

"कवड्या मुठीत असल्या का बाँबवाल्या इमानाचा आवाज येत नाही."

मग तिने घरीच कवड्या मांडल्या. थोडं खेळून काका उठले. "बिनाडावाचं जमत नाही. काही जायची भीती पायजे."

तशी काकूच्या पाटल्या गेल्या, छकडा गेला. राहिली एक बैलजोडी.

पोळा फुटला, बैल घरोघरी निघाले. काकू ओवाळायला दारात उभी होती. सालदार एकच बैल घेऊन आला आणि खाली पाहत म्हणाला, "दुसरा मालकानं डावावर लावला."

एका बैलाने रब्बी पेरता येत नाही, हे मलाही कळत होतं. काकूने ताट उचललं. मी तांब्या घेऊन मागे निघाले.

देवळामागे जुगाराच्या सतरंजीजवळ निंबाला आमचा बैल बांधला होता, झूल अंगावर तशीच. काकांच्या मुठीत कवड्या होत्या. हात अगदी स्थिर.

"बाईमाणूस इथं काहून?" कोणीतरी म्हणालं.

"बैल घरी आला नाही. मीच आली त्याच्याकडं."

तिने त्याचे पाय धुतले, पुरणपोळी चारली, ओवाळलं. काकांसमोर खेळायला बसलेला गडी हसून म्हणाला, "करून घ्या वयनी पूजा. सांजच्याले आमच्याच गोठ्यात येते तो."

काकूने त्याच्याकडे पाहिलं नाही. ताट काकांसमोर धरलं. "हे धरा जरा. झूल सरकली त्याची."

काकांनी कवड्या खाली ठेवून ते घेतलं. लगेच कुंकवाचा करंडा निरांजनावर वाजू लागला. ज्योत हलत होती. त्या लोकांनी काकांचे हात इतक्या जवळून कवड्यांशिवाय कधी पाहिलेच नव्हते. कोणी हसलं नाही.

समोरचा गडी उठला, दोर सोडून त्याने काकूच्या हाती दिला. "डाव पडलाच नाही, वयनी. न्या."

ताट घरापर्यंत वाजत आलं. काकूने ते त्यांच्याकडून परत घेतलं नाही.

काकांचं खेळणं सुटलं नाही. ते शेजारच्या गावी जात. आमच्या गावात मात्र त्यांच्यासमोर पुन्हा कोणी बसलं नाही. त्या वर्षीचा हरभरा जोडीने पेरला.