थांबलेला चेंडू

"बाबूजी, पेनल्टी मर गया." मालधक्क्यावरच्या हमालाने वॅगनचं दार ओढता ओढता मला एवढं सांगितलं आणि तो पुढच्या वॅगनकडे वळला. गोंदियाच्या लोको शेडमधला फिटर दशरथ नागरा गावातल्या आपल्या घरी तीन दिवसांच्या तापात वारला होता. त्याचं खरं नाव त्या हमालाला ठाऊकही नसावं. दहा वर्षं सारं स्टेशन त्याला पेनल्टीच म्हणत होतं. ते नाव कसं पडलं, हे सगळ्यांना माहीत आहे. कुणामुळे पडलं, हे फक्त दोघांना माहीत होतं. त्यातला एक आता नाही... दुसऱ्याला हे लिहायला दीड महिना लागला.

दशरथ आमच्या रेल्वेच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड आणि मी कप्तान. घोट्याला पट्टी बांधून तो अनवाणी खेळायचा. चेंडू पायात आला, की धानाच्या बांधीतून पाणी वाट काढत जावं तसा निघायचा. पण सामन्याआधीचा दशरथ वेगळाच होता. सकाळपासून त्याच्या पोटात काही टिकायचं नाही. चार चार वेळा लोटा घेऊन पळायचा. तोंड कोरडं, तळहात गार, मांड्या अशा ताठलेल्या की पट्टी बांधायला गुडघा वाकवणंही जड जायचं. गोदामामागे जाऊन तो ओकायचा आणि कुणाला दिसू नये म्हणून मी आड उभा राहायचो. "एवढं कशाला भितोस?" असं मी एकदा विचारलं, तेव्हा तो तोंड पुसत म्हणाला, "भेव नाई वाटत, गड्या. डोकं म्हनते चाल, पायच नाई ऐकून राहिले. कायले, ते मलेच मालूम नाई."

उपाय मात्र त्याने स्वतःच शोधला होता. शिट्टीच्या अर्धा तास आधी एकट्यानेच मैदानाला फेऱ्या मारायच्या. घाम फुटला, की पाय पुन्हा त्याचे व्हायचे. मग खेळ चालू आहे तोवर त्याला अडवणारा कोणी नव्हता. खेळ थांबला, तो उभा राहिला, की हात परत गार... हे जितकं मला ठाऊक होतं, तितकं दुसऱ्या कुणालाही नव्हतं.

नागपूरच्या संघाशी अंतिम सामना होता, त्या दिवशी आमच्या क्लबच्या अध्यक्षांनी मोठे पाहुणे बोलावले होते. हार, भाषणं, हस्तांदोलनं. आम्ही अकरा जण अर्धा तास रांगेत उभे. शेजारी दशरथचे दात वाजत होते. "मले एक फेरा मारून येऊ दे ना," तो हळूच म्हणाला. मी म्हणालो, "अध्यक्ष काय म्हणतील?" आणि त्याला रांगेत उभं ठेवलं. पहिली पंधरा मिनिटं त्याचा लाकडाचा ओंडका झाला होता. लोकांनी शिव्या घातल्या. मग अंग तापलं आणि उत्तरार्धात त्यानेच बरोबरीचा गोल केला. शेवटच्या मिनिटांत तो गोलपुढे मुसंडी मारत असताना त्याला पाडलं गेलं आणि पंचांनी पेनल्टी दिली.

लोक मैदानात घुसले. त्यांना हटवावं लागलं. तेवढ्यात चेंडूच्या तोंडाची चामड्याची वादी सुटलेली दिसली. ती ओवून पुन्हा बांधण्यात बराच वेळ गेला. पेनल्टी कप्तानानेच मारायची, असं आमच्यात ठरलेलं होतं. चेंडू माझ्या हातात आला आणि दशरथच्या पोटात दर वेळी जे व्हायचं, ते आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात झालं. गोलपोस्ट चिंचोळी दिसायला लागली. मी चेंडू त्याच्यापुढे धरला.

"तू मार."

"नोको. थांबून थांबून पाय गेले माहे. तुयी आहे, तू मार."

"मी कप्तान आहे. मार म्हणतो ना!"

त्याने मारली. चेंडू खांबाच्या हातभर बाहेरून गेला. जादा वेळेत आम्ही हरलो. अध्यक्ष सगळ्यांदेखत ओरडले, "डरपोक है साला, निकालो इसको." मी खाली बसून घोट्याची पट्टी सोडत होतो. सुटलेली पट्टी मी पुन्हा गुंडाळली, पुन्हा सोडली, पण मान वर केली नाही.

दशरथ संघातून गेला. शेडमध्ये त्याला नवं नाव मिळालं. पुढे त्याच्या मुलीलाही शाळेत पेनल्टीची पोरगी म्हणत. वर्षभराने फलाटावर एकटा भेटला, तेव्हा त्याने विचारलं, "तू काऊन नाई मारली रे?" मी म्हणालो, "तुझा पाय माझ्याहून चांगला, म्हणून." तो म्हणाला, "तुयेबी हात थंडेच होते. चेंडू देल्ला तवा लागले मले." एवढंच बोलून तो शेडकडे गेला. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. त्याच्या या मोठेपणापुढे मला लाज वाटायला हवी होती. मला हायसं वाटलं, आणि त्या दिवसापासून मी त्याला टाळू लागलो.

शोकसभेत त्याच अध्यक्षांनी त्याला 'निधड्या छातीचा खेळाडू' म्हटलं. मीही बोललो. बरं बोललो, असं लोक म्हणाले.

गेल्या आठवड्यात नागऱ्याला गेलो. त्याची बायको यमुनाबाई मला घरामागे घेऊन गेली. मातीच्या भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर वर, परातीएवढा खळगा पडला होता. "शेडातून आले का चिंध्यांचा चेंडू ठेवत, डोळे मिटून उभे राहत आन् मारत. रोज. मी सारवून सारवून थकली." मग तिने मला सरळच विचारलं, "त्या दिवशी यायची पेनल्टी काऊन चुकली, भाऊजी? तुमी तं तेथीच होते."

मी सगळं सांगितलं. ती रडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं.

"हे दहा सालाआधी सांगाचं होतं," ती म्हणाली. "मले नाई. त्या शेडातल्या लोकायले." आणि ती घरात निघून गेली. मी तिथेच उभा राहिलो. कोपऱ्यातल्या घमेल्यात कालवलेली शेणमाती वाळून तडकली होती. बाकीची भिंत नुकतीच सारवलेली होती... खळगा तेवढा तिने तसाच ठेवला होता.