भावाच्या लग्नाची फिल्म

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून नीट येत नाही. चौथीत शाळा सुटली. हे कुणाच्या हाती पडलंच तर सांभाळून घ्यावं.

माझा धाकटा भाऊ एसटीत कंडक्टर होता. आमचं माहेरचं गाव भूकंपात गेलं, त्या रात्री तो मुखेडला मुक्कामी गाडीवर होता, म्हणून वाचला. घरी त्याची बायको होती, ती गेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. फोटो, कपडे, सगळं ढिगाऱ्यात गेलं. लग्नाची कॅसेट मी बघायला म्हणून नांदेडला सासरी आणली होती, तेवढी राहिली. भूकंपानंतर भाऊही नांदेडलाच राहायला आला.

पुढं मुलीच्या क्लासेससाठी आम्ही लातूरला खोली केली. मी शिकणाऱ्या पोरांचे डबे करायचे. मुलीला कॉम्प्युटर हवा होता. बायको गेल्यावर सरकारनं दिलेल्या पैशाला भावानं कधी हात लावला नव्हता. ते त्यानं माझ्यापुढं ठेवले. मुलीचा मेडिकलला नंबर लागला नाही. लग्न होऊन ती बिलोलीला गेली आणि कॉम्प्युटर माझ्याकडं राहिला.

मी पैसे थोडेथोडे फेडू लागले, तर भाऊ त्यातले निम्मे परत माझ्या पिशवीत टाकायचा.

"पैशाचं राहू दे अक्का. तेवढी फिल्म सलग करून दे. फिटलं म्हण."

कॅसेटला बुरशी धरली होती. दुकानदारानं ती थांबवत थांबवत चालवून आधीच सीडी करून दिली होती. सीडीत लग्नाचे तुकडे तुकडे होते. कॅसेटची पट्टी तुटली, ती आता चालायची नाही, असं तो म्हणाला.

एका तुकड्याच्या शेवटी भावजय नाव घेते. "एसटीच्या खिडकीतून दिसतं ज्वारीचं रान..." आणि पडदा काळा होतो. पुढचा तुकडा लागला की, "...नाव घेते, राखते सगळ्यांचा मान." मग हसणं. भावाला वाटायचं, तुकडा बदलताना मशीन अडकतं म्हणून मधलं ऐकू येत नाही. तुकडे जोडले की येईल. मलाही तसंच वाटायचं. तिच्या तोंडचं त्याचं नाव दुसरीकडं कुठंच नव्हतं.

कॉम्प्युटरवर तुकडे कसे जोडायचे ते मुलीनं फोनवर शिकवलं. "आई, पोळ्यावानी एकावर एक ठिवू नको. खालच्या पट्टीवर एकाम्होरं एक वढत न्ये."

"हाव, न्येऊन राहिले. तू वरडू नको."

फिल्म जतन व्हायला फार वेळ लागायचा आणि मध्येच लाईट जायची. परत पहिल्यापासून. एकदा डबे उशिरा गेले म्हणून पोरांची बोलणी खाल्ली. शेवटी एकदाची एक फाईल झाली. मी आधी बघितली नाही. भावाला बोलावलं.

हळद झाली, अक्षता पडल्या. ती पुढं आली. "...दिसतं ज्वारीचं रान, नाव घेते..." पडदा कुठंच काळा झाला नाही. रान आणि नाव यांच्यामध्ये काहीच नव्हतं. दुकानदारानं कॅसेट थांबवून परत चालू केली, तेवढ्यात ते गेलं होतं.

भावानं परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"तिनं घेतलंच नव्हतं का काय, अक्का?"

"घेतलं रं. मी शेजारीच हुते. खाली बघून घेतलं, समद्या बाया हसल्या."

"कसं घेतलं?"

मी त्याचं नाव तिच्यासारखं म्हणून बघितलं. माझाच आवाज आला.

"राहू दे," तो म्हणाला. चहा तसाच ठेवून त्यानं नांदेडची गाडी धरली.

त्यानंतर मी दर महिन्याला डब्याचे पैसे घेऊन जायचे. तो घ्यायचा, मोजायचा नाही, पिशवीतही काही परत टाकायचा नाही. फिल्मचं कधी बोलला नाही. यंदा दिवाळीच्या आधी शेवटचे दिले. म्हटलं, "हे शेवटचे." त्यानं मान हलवली आणि खिशात ठेवले. सगळे पैसे फिटले.