विहाराच्या कपाटातली तिसरी कादंबरी

माझ्या अक्षराला कोणी हसू नये. चौथीनंतर पेन हातात आला तो राशनच्या अर्जावर आणि बचत गटाच्या रजिस्टरात सही करण्यापुरता. ऱ्हस्व-दीर्घ मला आजही नीट कळत नाही, ओळ वर चढत जाते आणि जोडाक्षर आले की हात अडतो. त्याबद्दल माफी असावी. ही माफी कोणाची मागते आहे कोण जाणे, कारण मुलीच्या जुन्या वहीची ही मागची कोरी पाने मी कोणाला दाखवणार नाही. पण जे लिहायचे आहे ते माफीचेच आहे.

लहानपणी मी नायजेरियातल्या कादंबऱ्या वाचल्या आहेत. हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. रिठदला, माझ्या सासरी, बोलले असते तर जावा म्हणाल्या असत्या, "तू कवा गेली होती वो नायजेरियाले?"

माझे माहेर आसेगावचे. आमच्या वस्तीतल्या विहारात एक लोखंडी कपाट होते. त्यात शंभराच्या आसपास पुस्तके होती, बहुतेक चळवळीची. नागपूरला नोकरी करणाऱ्या आमच्याच गावच्या एका साहेबांनी एकदा पोतेभर पुस्तके पाठवली. त्यात मराठीत केलेल्या तीन कादंबऱ्या होत्या, तिन्ही नायजेरियाच्या.

कपाटाची किल्ली एका मामांकडे असायची. सगळे त्यांना मामाच म्हणत. बस स्टँडवर त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. पंक्चर काढून हात कितीही धुतले तरी नखात काळे वंगण राहायचे, आणि कपाटातल्या प्रत्येक पुस्तकावर कुठे ना कुठे त्यांच्या बोटाचा ठसा सापडायचा.

त्यांनी एक नियम घातला होता. पुस्तक परत करायचे ते पौर्णिमेला, वंदना झाल्यावर. आणि परत करणाऱ्याने उभे राहून त्यातली गोष्ट सगळ्यांना सांगायची. वस्तीतल्या निम्म्या बायांना वाचता येत नव्हते. मामा म्हणायचे, "पुस्तक वर्गणीचं हाये. ज्याले वाचता येत नाही त्याचाबी रुपया हाये त्याच्यात. त्याले त्याची गोष्ट भेटली पायजे." बाया पाय पसरून बसायच्या आणि सांगणाऱ्याला सोडायच्या नाहीत. "मंग त्या पोरीचं लगन झालं का नाही?" "मेला का जिता हाये तो? नीट सांग ना बापा, अर्ध्यात काहून सोडून राह्यला?"

मला भाऊ झाला आणि चौथीनंतर माझी शाळा सुटली. आई शेतात निंदायला जायची, मी त्याला सांभाळायची. तो झोपला की विहाराच्या पायरीवर येऊन बसायची. मामांनी एक दिवस विचारले, "वाचतं का वो?" मी मान हलवली. सभासदाची फी पाच रुपये होती. मामांनी फी मागितली नाही आणि रजिस्टरात माझे नावही लिहिले नाही. नुसते पुस्तक हातात दिले. ती नायजेरियाची पहिली.

नायजेरिया कुठे आहे हे मला माहीत नव्हते. मंगरूळपीरच्या पलीकडे मी काही पाहिलेच नव्हते. मला वाटायचे, असेल कुठेतरी खांडव्याच्या पुढे. पण तिथले लोक मला परके वाटले नाहीत. हिवाळ्यात त्यांच्याकडे धुळीचा वारा सुटायचा आणि ओठ फुटायचे. पाहुणा आला की त्याच्यापुढे एक कडू फळ फोडून ठेवायचे, आपण सुपारी ठेवतो तसे. दर चार दिवसांनी बाजार. जमिनीतून मोठमोठे कंद काढायचे. मी तो कंद म्हणजे सुरण धरला होता, आणि त्यांची नदी म्हणजे आमची अडाण. त्या नदीवर बाया धुणे धुता धुता एकमेकींना जे टोमणे मारायच्या, ते ऐकून मला आमच्या हापशावर उभे असल्यासारखे वाटायचे. आजही भाजलेल्या सुरणाचा वास आला की मला आसेगाव आधी आठवत नाही, ते गाव आठवते.

पहिली दोन पुस्तके परत केली तेव्हा मी उभी राहिले नाही. कपाटाच्या दाराआड मामांना हळू आवाजात गोष्ट सांगितली, आणि मामांनी पुढे जाऊन ती बायांना सांगितली. सुरुवातीला म्हणाले, "एका वाचणारीनं मले सांगतलं ते सांगतो." बायांनी इकडेतिकडे पाहिले. माझ्याकडे कोणी पाहिले नाही. मला फार बरे वाटले.

तिसरी कादंबरी देताना मात्र मामा म्हणाले, "हे मी नाही सांगणार. बारा वर्साची झाली तू. आता तूच उभी राह्यजो."

ती मी चार वेळा वाचली. एका कुंभारणीची आणि तिच्या मुलीची गोष्ट. पहिल्याच पानावर लिहिले होते की मुलगी काळी होती आणि सुंदर होती. ओल्या मातीसारखी काळी, तिच्यावरून नजर हटत नसे, असे. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. आमच्याकडे सगळे म्हणत, काळी आहे पण नाकीडोळी बरी आहे. त्या वाक्यात 'पण' नव्हता. वस्तीतली पोरे मला तव्यावरची भाकर म्हणायची, तीही जळालेली. त्याच पोरांसमोर, त्याच बायांसमोर उभे राहून मी कसे सांगणार होते की एक पोरगी होती, काळी होती, सुंदर होती? एखादी तरी हसली असती, आणि ते वाक्य कायमचे खराब झाले असते.

पौर्णिमा आली. मी गेले नाही. दुसरी आली, भावाला ताप आहे असे सांगितले. पुस्तक तुरीच्या कोठीत, कडुलिंबाच्या पाल्याखाली ठेवले होते. आईचा हात रोज त्याच्या वीतभर वरून फिरायचा. मामा रस्त्यात भेटले की मी दुसऱ्या गल्लीने जायची.

मग जयंतीच्या आधी पुस्तके मोजायचा दिवस आला. दरवर्षी सगळी पुस्तके बाहेर सतरंजीवर मांडून उन्हात ठेवत आणि कमिटीवाले रजिस्टर घेऊन मोजत. मी बायांमध्ये बसले होते. एक पुस्तक कमी निघाले.

"मामा, कोणाले देलं?"

"ध्यानात नाही बापा."

"ध्यानात नाही म्हणजे? रजिस्टरात तं कोणाचंच नाव नाही."

"लिवाचं राहून गेलं असन."

"राहून गेलं का रद्दीत गेलं?" एक जण म्हणाला. "सायकलच्या दुकानात लोकं ट्यूब विकते, मामा पुस्तकं विकून राह्यले."

लोक हसले. मामा हसले नाहीत. ते सतरंजीकडेच पाहत होते. एकदाही त्यांनी बायांच्या बाजूला मान वळवली नाही, आणि तेव्हाच मला कळले की त्यांना सगळे ध्यानात आहे. मला नुसते उठायचे होते. गोष्टही सांगायची नव्हती, फक्त म्हणायचे होते की माझ्याकडे आहे, घेऊन येते. घर पन्नास पावलांवर होते. मी पदर घेण्याच्या वयाची नव्हते अजून, फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत राहिले.

मामा म्हणाले, "साठ रुपये किंमत हाये त्याची. मी भरून देतो. एकदम नाही होनार, दर पौर्णिमेले दहा."

सहा पौर्णिमा ते दहाची नोट कमिटीच्या पुढे ठेवत राहिले, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली. ज्याला दिली त्याला पुस्तकांचे काही नव्हते. कपाट आधी पौर्णिमेलाही उघडेनासे झाले, मग वाळवी लागली. गोष्ट सांगायचे बंद पडले. मी एक पुस्तक नेले असे मी स्वतःला सांगत आले, पण खरे पाहता मी ते सगळे कपाट नेले.

माझ्या लग्नात मामा आले होते. आहेराचे पातेले आईच्या हातात देऊन माझ्याजवळ थांबले आणि एवढेच म्हणाले, "वाचून झालं का वो?"

मी मान हलवली.

"मंग सांगजो कवातरी."

पुस्तक तेव्हा माझ्या पेटीत, साड्यांच्या तळाशी होते. दुसऱ्या दिवशी ते माझ्यासोबत रिठदला आले.

त्यानंतर मी किती वेळा माहेरी गेले. मामा स्टँडवरच असायचे. बसमधून उतरले की मी डोक्यावरून पदर घेऊन झपझप पुढे निघायची. पुढच्या वेळी देऊ, पुढच्या वेळी सांगू, असे म्हणत राहिले. दोन वर्षांमागे भावाने फोनवर इतर गोष्टी सांगता सांगता सांगितले, सायकलवाले मामा गेले. मी तेव्हा कणीक मळत होते. मळतच राहिले.

यंदा माझ्या मुलीने पेटी उघडली. ती वाशीमला कॉलेजला जाते, तिला कार्यक्रमासाठी माझी जुनी साडी हवी होती. पुस्तक तिच्या हाती लागले. आत विहाराचा शिक्का होता.

"आई, हे कोणाचं?"

"माह्या बाबानं आणून देल्लं होतं," मी म्हणाले.

माझ्या वडिलांना सहीसुद्धा करता येत नव्हती. मुलीला ते ठाऊक आहे. तिने पुस्तक जागेवर ठेवले. त्या खोट्याने मला मामांच्या मरणापेक्षाही जास्त हलवले. आठ दिवसांनी मी पुस्तक पिशवीत घातले आणि मंगरूळपीरला गाडी बदलून आसेगावला गेले. भावाच्या घरी न जाता सरळ मामांच्या घरी.

मामी ओट्यावर सुपात तूर पाखडत होत्या. त्यांनी मला ओळखायला वेळ लावला.

"अवं, तू त त्याची बहीण. आज इकडं कशी रस्ता चुकली?"

मी पुस्तक काढून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांना वाचता येत नाही. पण कडेवरचा काळा ठसा पाहून त्यांचे सूप थांबले.

"हे तेच का?"

"हो मामी. माह्याजवळ होतं. तवापासून."

मला वाटले त्या रडतील, किंवा म्हणतील जाऊ दे लेकी, झाले गेले. त्या म्हणाल्या, "साठ रुपये कोणाचे गेले मालूम हाये का तुले?"

"मामाचे."

"मामाचे कायचे? त्यायच्याजवळ कुठी होते? माह्या निंदनाचे गेले. दर पौर्णिमेले मले म्हणत, दहा दे. मी इचारो, कोणी नेलं ते तं सांगा. त मुके. मी म्हणो, एखाद्या बाईले देलं असन तुमी, म्हणून तोंड शिवलं. वर्सभर भांडली मी त्यायच्या संगं. मरेपर्यंत टोमणा मारला. जेवताना मीठ कमी पडलं तरी म्हणो, जा, तुमच्या पुस्तकवालीले मांगा."

मामांनी लोकांचे बोलणे ऐकले हे मला माहीत होते. घरातलेही ऐकले, तेही इतकी वर्षे, हे माहीत नव्हते. कोण होती ती पुस्तकवाली? फ्रॉकमधली मी.

"माफ करा मामी."

"माफ-गिफ मंग पाहू." त्यांनी सूप बाजूला ठेवले. "आंधी सांग, होतं काय त्याच्यात येवढं? माह्या साठ रुपयाची गोष्ट मले भेटलीच नाही."

मी इकडेतिकडे पाहिले. समोरच्या घरातली म्हातारी दारात येऊन बसली होती. आणखी एक बाई बादली घेऊन थांबली होती. मी बसूनच होते, पण मामी म्हणाल्या, "उभी राहून सांग. त्यायचा तोच नियम होता."

मी उभी राहिले.

"एक पोरगी होती," मी म्हणाले. "काळी होती. सुंदर होती."

कोणी हसले नाही. बादलीवाली म्हणाली, "मंग?"

मग मी सांगितले. तिची आई मडकी घडवायची. मुलगी शहरात नर्स व्हायला निघाली तेव्हा आईने तिला पाण्यासाठी एक छोटे मडके दिले. ते लॉरीतच फुटले. मुलीने घरी पत्र लिहिले, मडके चांगले आहे, पाणी थंड राहते. दर पत्रात तेच लिहीत राहिली. काही वर्षांनी आई भेटायला आली. खोलीत मडके नव्हते. आई काचेच्या ग्लासातून पाणी प्यायली आणि म्हणाली, पाणी थंड आहे.

"मायनं इचारलं नाही?" समोरची म्हातारी म्हणाली.

"नाही."

"शेवटपर्यंत नाही?"

"नाही."

मामी बराच वेळ सुपातली तूर बोटांनी सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचेबी तसेच होते." आणि नाक पुसून लगेच, "आण माहे पैसे."

मी पाचशेची नोट पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"मले व्याज नको. साठ म्हणजे साठ. माह्या खुरप्याचे तेवढेच गेले."

"मामी, राहू द्या ना बाकीचे."

"बाकीचे तुले सोपे हाये देणं. साठच दे."

माझ्याजवळ सुटे नव्हते. बादलीवालीने कमरेच्या पिशवीतून मोडून दिले. मी पन्नासची एक आणि दहाची एक नोट मामींच्या हातावर ठेवली. पुस्तकही ठेवू लागले तर त्यांनी ते परत माझ्या पिशवीत सारले. पैसे भरले म्हणजे पुस्तक तुझे झाले, म्हणाल्या, आता घरी जाऊन पोरीला खरे सांग. मुलीला मी अजून सांगितलेले नाही. हे सगळे आधी माझे मला कागदावर उतरवता येते का, ते पाहत होते.

मामींनी दोन्ही नोटा उन्हात धरून पाहिल्या, पदराच्या टोकाला बांधल्या, आणि समोरच्या म्हातारीला ओरडून सांगितले, "फिटले वं बुढे माहे साठ रुपये. पुरे फिटले."