आजोबांचं नाक आणि गुलाबाचं अल्कोहोल

बाळांनो, आजोबा हल्ली कारखान्यात का जात नाहीत, असं तुम्ही फोनवर विचारलंत. क्रमाने सांगते.

आमच्या बदलापूरहून ते आठवड्यातून दोनदा अंबरनाथच्या एका लहान कारखान्यात जात. तिथे फिनाइल एथिल अल्कोहोल तयार होतं. नाव रुक्ष, वास मात्र गुलाबाचा. ते अगरबत्तीत पडतं, साबणात पडतं आणि तुम्हाला आवडतं त्या गुलाबी सरबतातही. यंत्राने माल शुद्ध ठरवला तरी शेवटी नाकच लागतं. कागदाची अरुंद पट्टी मालात बुडवून हुंगायची; गुलाबामागे प्लॅस्टिकसारखा वास आला तर माल परत. हे काम निवृत्तीनंतरही आजोबांकडेच होतं.

गेल्या महिन्यात दूध करपलं. मला गॅलरीत वास आला. आजोबा ओट्याशेजारीच पेपर वाचत होते.

"अहो, दूध!"

"अगं, ओरडतेस काय? लक्ष नव्हतं."

लक्ष नव्हतं, की वासच आला नव्हता? मी हिंगाची डबी त्यांच्याजवळ उघडी ठेवली, फरशी पुसायचं फिनेल सांडून पाहिलं. ते आपले शब्दकोडं सोडवत राहिले. माझं कशातच मन लागेना. सारखी उठून गॅस बंद आहे ना बघायची. त्यातच सरबतवाल्यांसाठीच्या नव्या मालाची बाटली हुंगून बघायला घरी आली. आजोबांच्या एका होकारावर तो माल लोकांच्या पोटात जाणार होता.

मी एक कोरी पट्टी नळाच्या पाण्यात बुडवली आणि त्यांच्यापुढे धरली. "तुमच्या बाटलीतली. बघा बरं."

त्यांनी डोळे मिटून ती नाकाखालून फिरवली. "उत्तम. स्वच्छ गुलाब."

"पाणी आहे ते. नळाचं."

त्यांनी पट्टी पुन्हा एकदा हुंगली. मग म्हणाले, "बदलापूरचं पाणी एवढं सुगंधी झालं, आणि कोणी बोललं नाही!"

मला हसू आलं नाही. "कधीपासून?"

"मागे सर्दी झाली ना, तेव्हापासून. कारखान्यातली केमिस्ट मुलगी आधी हुंगते. मी तिच्या तोंडाकडे बघतो."

"आणि तीही तुमच्याच तोंडाकडे बघत असली तर?"

मग त्यांनी मालकांना फोन लावला. "सरबताचा माल थांबवा. सर्दीनंतर मी पास केलेलं सगळं दुसऱ्या कोणाकडून हुंगून घ्या. माझं नाक गेलंय."

फोन ठेवून मला म्हणाले, "घरातलं हुंगायचं आता तू बघ."

तेव्हापासून मी या खोलीतून त्या खोलीत हुंगत फिरते आहे.