माकडाचं काळीज आणि माझा निळा खडू

भिवंडीत धामणकर नाक्याजवळ एका लूमच्या कारखान्यात मी बरीच वर्षं कापड तपासायचे. कापडाचा अख्खा ताका उजेडावर ओढायचा, चूक दिसली की निळ्या खडूने खूण करायची. काम सुटलं, खोड सुटली नाही. त्या खोडीपायी परवा माझ्या लेकीच्या तोंडचं पाणी पळालं.

लेक एका प्रयोगशाळेत नवीनच लागलीय. गोचीड चावली की अंगात जे जंतू शिरतात, ते तिथल्या माकडांना दिले होते. त्यांच्या काळजाचे पातळ काप रंगवून फोटो काढलेले, आणि नुकसान किती झालं ते हिने मोजायचं. पहिला रिपोर्ट सरांनी परत पाठवला. नुकसान जास्त दाखवलंयस म्हणाले. सोमवारी परत चुकली असती तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं.

रविवारी फोटोंचे छापील कागद पलंगावर पसरून ती आंघोळीला गेली. गुलाबी-जांभळं, कापडासारखंच दिसत होतं हो. मी खडू घेतला आणि बसले.

"आई, काय केलंस हे?" ओल्या केसांनीच ती खाली बसली.

"चुका काढल्या. गोल केलाय ती विणतानाची, फुली मारलीय ती नंतर हुकाला अडकून फाटलेली."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"लूमवर धागा तुटला तर शेजारचे धागे तिकडे गोळा होतात. नंतर फाटलं तर शेजाऱ्यांना पत्ताच न्हाय. हे बघ, इथे जांभळे ठिपके जमलेत. तिथे नुसतं भोक."

तिने कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. मग हळूच म्हणाली, "ते ठिपके म्हणजे आजाराशी लढायला धावलेल्या पेशी. आणि ही भोकं काप घेताना पडलीत. मी दोन्ही आजारात धरली गं."

"मग माकडांचं बरंच आहे की. वाटलं तेवढं सोसलं नाही बिचाऱ्यांनी."

"हो. पण ह्याला का गोल केलास? ही रक्ताची नळी आहे. तिला भोक असतंच."

"आधी सांगायचं ना मग."

हसत हसत तिने सगळं परत मोजलं. सोमवारी संध्याकाळी घरी आली ती थेट स्वयंपाकघरात.

"सरांनी रिपोर्ट घेतला. विचारत होते, हे कुणी दाखवलं?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, भिवंडीत एक सीनियर आहेत."

मी चहा ठेवला. सीनियरनेच ठेवायचा असतो आमच्याकडे.