एकोणीस लेकरांचा मामा

वारंगा फाट्यावर नांदेडच्या बाजूला तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला टायरांची एक उतरंड दिसते. तिच्या मागे पत्र्याचं दुकान आहे. ते संपतराव गडद्यांचं. ट्रकच्या टायरपासून पोरींच्या सायकलीपर्यंत सगळ्यांचं पंक्चर तिथे निघतं. सायकलीला हवा भरायचे पैसे संपतराव घेत नाहीत. "हवा काय माझी हाय का?" असं म्हणतात आणि पंपाचा दट्ट्या दाबतात.

वय साठीला टेकलेलं, अंगात खाकी शर्ट, हातांना कायम काळं ग्रीस. घरी बायको अनुसयाबाई आणि चार शेळ्या. एकुलती एक लेक राजनंदिनी कुरुंद्याला दिलेली. म्हणजे फाट्यावरच्या माध्यमिक शाळेत संपतरावांचं स्वतःचं असं कोणीच शिकत नव्हतं. तरीही त्या शाळेच्या कार्यालयात त्यांच्याइतकं येणं-जाणं दुसऱ्या कुणाचंच नव्हतं.

कारण शाळेचा एक नियम. विद्यार्थी सलग तीन दिवस गैरहजर राहिला, की चौथ्या दिवशी पालकाला सोबत आणायचं. पालकाने 'पालक भेट नोंदवही'त नाव, नातं लिहून सही करायची, मगच पोराने वर्गात बसायचं. नियमात वाईट काही नव्हतं. पण दसरा झाला की तांड्यावरची निम्मी घरं ऊसतोडीला जातात, ती होळीच्या सुमारास परततात. मागे राहतात म्हातारी माणसं, शेरडं आणि शाळेतली लेकरं. त्या लेकरांनी चौथ्या दिवशी कुणाला आणायचं, हे नियमात लिहिलेलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी तांड्यावरचा संतोष नावाचा पोरगा असाच दुकानासमोर दप्तर मांडीवर घेऊन बसला होता. संपतरावांनी दोन ट्यूब जोडल्या, एक टायर चढवला, तरी तो हलेना.

"काहून बसून राहिला रे? शाळा न्हाई का?"

"पालक आणा म्हणतेत. बाप सांगलीकडं हाय." पोरगा दप्तर उचलत म्हणाला, "मामा, तुमी येता का?"

फाट्यावर सगळी पोरं त्यांना मामाच म्हणत. संपतरावांनी हात धुतले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि निघाले. वहीत नात्याच्या रकान्यात त्यांनी 'मामा' असं लिहिलं. आपण खोटं लिहितोय असं त्यांना तेव्हा वाटलं नाही, नंतरही कधी वाटलं नाही.

याला एक जुनं कारण होतं. संपतराव आठवीत असताना त्यांनाही मास्तरांनी सांगितलं होतं, बापाला घेऊन ये. बाप मेंढ्या घेऊन पैनगंगेपलीकडे गेलेला. तेरा वर्षांचा संपत पायी विचारत विचारत निघाला. दुसऱ्या दिवशी कळप सापडला. मेंढ्या व्यायला आलेल्या, बाप म्हणाला, "आता कसा येऊ, लेकरा? तूच सांग मास्तरला." परत येण्यात आणखी दोन दिवस गेले. मास्तरांनी तेही चार दिवस गैरहजेरीत धरले. त्यानंतर संपत शाळेच्या वाटेला गेला नाही, आणि कुणी बोलवायलाही आलं नाही.

म्हणून संपतरावांनी स्वतःपुरता एक नियम केला होता. नुसती सही करून यायचं नाही. सही केली की त्याच संध्याकाळी त्या लेकराच्या घरी जायचं, म्हातारीपाशी बसायचं, पोर का राहिलं ते विचारायचं. कुणाला चष्मा लागलेला असे, कुणाला गणिताची धास्ती. जुने मुख्याध्यापक हे सगळं जाणून होते. ते वहीकडे बघत आणि चहा सांगत.

यंदा जूनमध्ये निर्मला मॅडम मुख्याध्यापिका म्हणून आल्या. शिस्तीच्या बाई. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी नोंदवही तपासायला घेतली आणि लिपिक दिपकला हाक मारली.

"दिपक, हे संपतराव गडदे कोण? राठोडचे मामा, शेखचे मामा, कांबळेचे मामा! या माणसाला बहिणी तरी किती?"

दिपकने मान खाली घालून हसू दाबलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मोजलं. जूनपासून एकोणीस मुलं आणि मामा एकच.

त्याच दिवशी दहावीतली पुजा राठोड अकरा दिवसांनी शाळेत आली होती. आजी पाय घसरून पडली, मनगट मोडलं. स्वयंपाक, शेळ्या, पाणी, सगळं पुजावर आलं. तिची याडी, म्हणजे आई, रुख्मिणीबाई आणि वडील पुनमचंद ऊसतोडीला. सोमवारपासून दहावीची पूर्व परीक्षा. मॅडमनी तिला सांगितलं, "आई नाहीतर वडील. दुसरं कोणी चालणार नाही. त्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही."

पुजा दुकानावर आली ती सायकल हातात धरून. रडली नाही. एवढंच म्हणाली, "मामा, मी आता याडीकडंच जाते ऊसात. न्हाई तरी तिला हाताखाली कोणी न्हाई."

संपतरावांना ती पायवाट ठाऊक होती. लेकरू एकदा त्या वाटेने गेलं की परत वळत नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर पालक सभा ठेवली होती. विषय एकच. यापुढे पालक म्हणजे फक्त आई किंवा वडील, असा ठराव. दहावीच्या वर्गात बाकांवर तीस-पस्तीस माणसं दाटीवाटीने बसली. संपतराव दाराशी उभे राहिले.

डोंगरकड्याचे दगडोबा पोले पहिल्याच बाकावर होते. आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. ते मागे वळून म्हणाले, "संपतराव, तुमचं कोण शिकतंय इथं? का शाळेला पंक्चर झालंय?"

सगळे हसले. संपतरावही हसले, पण जागचे हलले नाहीत.

मॅडम उभ्या राहिल्या. "मी कुणाला हिणवायला सभा बोलावली नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या आधीच्या शाळेत एक माणूस काका म्हणून आला, सही केली आणि एका मुलीला घेऊन गेला. तीन दिवस ती सापडली नाही. सापडली, सुखरूप सापडली. पण ते तीन दिवस मी विसरले नाही. उद्या तुमच्या मुलीच्या बाबतीत असं झालं तर मी तुम्हाला काय दाखवू? ही सही?"

बाकांवरच्या बायकांनी माना डोलावल्या. संपतरावांनाही ते पटलं. बाईंचं बराबर होतं. पण पुजाचंही बराबर होतं.

चहाच्या हॉटेलवाले शंकरसिंग म्हणाले, "मॅडम, तांड्यावरच्यानी काय करायचं मग? कारखाना सुट्टी देत न्हाई. निघून आलं तर जोडप्याचा कोयता बंद पडतो, मजुरी बुडते."

"मग त्यांनी मुलांचं काय ते ठरवून जावं," मॅडम म्हणाल्या.

"त्येच म्हणतो मी!" दगडोबांनी बाकावर थाप मारली. "ज्याचं लेकरू त्यानं बघावं. ह्यो कोण उपरा मामा? आमी न्हाई का घरचं सोडून सभेला आलो?"

मॅडमनी नोंदवही उघडली. "संपतराव, तुम्ही आलाच आहात तर सांगा. ही मुलं का गैरहजर होती हे तरी तुम्हाला माहीत आहे का?" त्या वाचू लागल्या. "अंजली कांबळे."

"कानातून पू येत व्हता. कळमनुरीला दवाखान्यात नेलं. आता बरी हाय."

"मोहसीन शेख."

"त्याला दुरून फळा दिसत न्हाई. पुढच्या बाकावर बसवा म्हणून सांगितलं व्हतं. बसवलं न्हाई अजून."

एका शिक्षकाने खिडकीबाहेर बघितलं. मॅडमचं बोट खाली सरकलं आणि थांबलं.

"राम दगडोबा पोले."

वर्गात आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकदम हशा उठला. दगडोबा ताडकन उभे राहिले.

"माझ्या रामचा मामा? अरे, मी जिता हाय की! काहून राहिला व्हता तो? कधी?"

संपतरावांनी मान खाली घातली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. उत्तर त्यांना ठाऊक होतं. चाचणीत नापास झालेला राम बापाच्या माराच्या भीतीने चार दिवस घरून दप्तर घेऊन निघायचा आणि दुकानापुढच्या टायरांच्या उतरंडीआड बसून राहायचा.

"हे सभेत सांगायचं न्हाई," संपतराव म्हणाले.

"काहून न्हाई? माझं पोरगं हाय!"

"म्हणूनच. तुमाला एकट्याला सांगतो. लेकराचं हाय ते, चारचौघांत कसं काढायचं? पण दगडोबा, तिथं माझं चुकलं. तुमी गावातच असताना मी सही केली. मी तुमच्याकडं यायला पायजे व्हतं. खरं सांगू का, मला तुमची भीती वाटली."

हशा पिकला नाही.  दगडोबा मिशीवरून हात फिरवत खाली बसले.

मॅडमनी वही मिटली. आतापर्यंत त्यांच्या बोलण्यात असलेली धार थोडी कमी झाली होती. "चूक कबूल केलीत ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण मला भीती याच चुकीची आहे. तुम्ही भले आहात म्हणून निभावलं. नियम भल्या माणसापुरता करता येत नाही."

"बराबर हाय," संपतराव म्हणाले. "मग असा करा ना, की भला नसलेल्यालाही वळण लागंल. आई-बापानं जाताना लिहून द्यावं, माझ्या मागं हा माणूस. ज्याला लिहून दिलं त्यानंच सही करावी. दुसऱ्यानं न्हाई. मीबी न्हाई."

यावर पाऊण तास वाद चालला. एका माणसाने किती मुलं घ्यायची? कुणी म्हणालं दहा, कुणी म्हणालं एक. शिवणकाम करणाऱ्या मिनाताई म्हणाल्या, "माझ्याच्यानं दोन लेकरं आवरत न्हाईत, दहा कोण बघंल?" शेवटी तीनवर एकमत झालं. तीन असली तर घरी जाऊन बघणं होतं, त्याहून जास्त झाली की नुसती सही उरते. मोबाइलवर आलेला चिठ्ठीचा फोटो चालेल का? फोनवर आई-वडिलांशी मुख्याध्यापिकांनी स्वतः बोलून खात्री केली तर चालेल. दिपकने ठराव लिहून घेतला.

लिहून होतंय तोवर दगडोबा मध्येच बोलले. "ज्याचा बाप गावात हाय त्याला मामा मिळणार न्हाई, हे पण लिहा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ज्याचा बाप न्हाई त्याला कोणीतरी मिळायलाच पायजे, हेबी लिहा."

तिथूनच मॅडमनी पुनमचंदला फोन लावला. स्पीकरवर उसाच्या पाचटाची सळसळ सगळ्यांना ऐकू आली. बोलणं झालं. अर्ध्या तासाने चिठ्ठीचा फोटो आला. बिडीच्या बंडलाच्या कागदामागे पुनमचंदने वाकड्या अक्षरात लिहिलं होतं की पुजाला आमच्या मागं संपतराव गडदे बघतील. खाली त्याची सही होती आणि शेजारी रुख्मिणीबाईंचा अंगठा.

तांड्यावरची अकरा लेकरं होती आणि संपतरावांच्या वाट्याला तीनच. रविवारी दुकानावर पंक्चरं कमी आणि पालकच जास्त जमले. शंकरसिंगने तीन घेतली, मिनाताईंनी तीन. संपतराव त्यांना समजावत होते, "सही केली, चहा पिला अन् आलो, असं चालणार न्हाई. संध्याकाळी घरी जायचं. काहून राहिलास म्हणून आधी विचारायचं न्हाई. आधी जेवलास का विचारायचं."

दुपारी दगडोबा मोटारसायकल घेऊन आले. "हवा बघा जरा," म्हणाले. हवा टिच्चून भरलेली होती. संपतरावांनी तरी पंप लावल्यासारखं केलं.

"रामनं सांगितलं रात्री," दगडोबा टायरांच्या उतरंडीकडे बघत म्हणाले. "इथं बसायचा का?"

"व्हय. सावली हाय."

"मी काय एवढा वाईट हाय का हो?"

"वाईट न्हाई. आवाज मोठा हाय."

दगडोबा हसले, पण डोळे पुसले. जाताना तांड्यावरच्या उरलेल्या दोन लेकरांची नावं आपल्यासाठी लिहून घेऊन गेले.

सोमवारी संपतरावांनी धुतलेला शर्ट घातला. कार्यालयात वही पुढे आली. नात्याच्या रकान्यात त्यांनी सावकाश लिहिलं, 'नेमलेला पालक'. मग सही केली. मॅडमनी पुजाला परीक्षेचा बैठक क्रमांक दिला. ती वर्गाच्या दारातून वळून बघत म्हणाली, "मामा, सायकलला हवा कमी हाय." आणि आत गेली.

संपतराव व्हरांड्याच्या पायरीवर बसले. तेवढ्यात शंकरसिंगचा फोन आला. ट्रकवाला केव्हाचा खोळंबलाय, कधी येता?

"त्याला चहा पाज," संपतराव म्हणाले.

शिपाई जवळ आला. "काका, सही झाली ना? मग जा की. पेपर तीन तासांचा हाय."

"जातो. पेपर सुटला की," संपतराव म्हणाले आणि पाय थोडे आत ओढून घेतले. "मधी कोणी तिला विचारलं, तुझं माणूस कुठंय, तर तिला दारातून दाखवता आलं पायजे."